शिकारीच्या धनुष्याचा ॲरो रेस्ट: बिघडला तर काय होईल, ते आधी बघा

कंपाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, विकत घेताना लोक कॅम, म्हणजे ती चाकं, बघतात, वेग विचारतात, साइटला किती पिना आहेत ते मोजतात. ॲरो रेस्टचा, म्हणजे बाण ज्यावर टेकतो त्या आधाराचा, नंबर लागतो सगळ्यात शेवटी, खिसा रिकामा होत आला की. ही रीत मला अजिबात पटत नाही. बाण सुटतो तेव्हा त्याला धनुष्याचे दोनच भाग लागलेले असतात, मागे स्ट्रिंग (प्रत्यंचा) आणि पुढे रेस्ट. त्यातला रेस्ट ऐन वेळी दगा देतो तेव्हा भोगतं ते समोरचं हरीण. बाण फुप्फुसाऐवजी पोटात किंवा खुब्यात जातो आणि जनावर रात्रभर कुठल्यातरी झुडपात तळमळत पडतं. हे टाळणं माझ्या हातात असेल तर दोनशे डॉलर मला जास्त वाटत नाहीत.

मी मूळची इचलकरंजीची. आता अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनजवळ राहते. नोकरी यंत्रांचे भाग तपासण्याची आहे, म्हणजे एखादी गोष्ट किती चांगली चालते यापेक्षा ती कशी मोडते हे शोधायचं. रेस्टही मी त्याच नजरेने निवडला. सध्या माझ्या धनुष्यावर हॅमस्किया कंपनीचा ट्रिनिटी हंटर आहे आणि तो मी बदलणार नाही. पण माझ्यासाठी जो बरोबर तो सगळ्यांसाठी बरोबर असेलच असं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. इथलं चित्र वेगळं आहे. विस्कॉन्सिनमध्ये पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या प्रचंड आहे, त्यांना आवरणारे लांडगे राज्याच्या बहुतेक दक्षिण भागात उरलेले नाहीत, आणि शिकार परवान्यावर, हंगामात, नियमांनी चालते. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतो आणि जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. हरणांसाठी धनुष्याचा स्वतंत्र हंगाम इथे 1934 मध्ये सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत सुरू झाला, आणि मी ज्या रानात बसते ते सॉक काउंटीतलंच आहे. परिसराचा अभ्यास करणारे आल्डो लिओपोल्ड स्वतः धनुष्य घडवायचे, त्यांची झोपडीही याच काउंटीत विस्कॉन्सिन नदीच्या काठी आहे. या मातीत धनुष्याची शिकार हा गंभीरपणे करायचा विषय आहे, तो मी तसाच शिकले.

महाराष्ट्रात कंपाउंड बो म्हटलं की साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे आठवतात. 2023 मध्ये बर्लिनला दोघांनीही वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवलं. स्पर्धेतल्या कंपाउंड धनुष्यांवर साधारणपणे ब्लेड प्रकारचा रेस्ट असतो, म्हणजे पातळ स्प्रिंग स्टीलची एक पट्टी, टोकाला छोटी खाच, त्या खाचेत बाण नुसता टेकलेला. सपाट मैदानावर, सरळ उभं राहून मारायचं असेल तर याच्याइतकं नेमकं दुसरं काही नाही. पण धनुष्य थोडं कलंडलं की बाण खाली. मचाणावर वीस फूट उंचीवर, जाड जॅकेट घालून, कमरेला पट्टा बांधून, झाडाला वळसा घालून नेम धरायचा असतो तेव्हा हा रेस्ट उपयोगाचा नाही. शिकारीच्या रेस्टची पहिली अट ही की बाण सगळ्या बाजूंनी कड्यात धरलेला असला पाहिजे. धनुष्य उलटं केलं तरी पडता कामा नये.

या अटीत बसणारे मुख्यतः तीन प्रकार आहेत.

सगळ्यात साधा ब्रशच्या केसांचा. एका गोल कड्यात आतल्या बाजूने ताठ केस बसवलेले आणि मध्ये बाणापुरतं भोक. व्हिस्कर बिस्किट हे यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. हलणारा भाग एकही नाही, दोरी नाही, स्प्रिंग नाही. बाण त्या केसांतून घासत बाहेर जातो, त्यामुळे सेकंदाला काही फूट वेग कमी होतो आणि बाणाच्या मागच्या पिसांच्या कडा हळूहळू झिजतात. लांब, मऊ पिसं असतील तर ती सुरकुततात, दोन इंची ताठ पिसं मात्र बरीच तग धरतात. चाळीस ते साठ डॉलरला मिळतो. जो पहिल्यांदाच धनुष्य हातात घेतोय आणि वीस यार्डांच्या पलीकडे मारायचं नाही असं ज्याने मनाशी ठरवलंय, त्याला मी आजही हाच घ्यायला सांगते. कुणी याला नवशिक्यांचं खेळणं म्हणालं तर ऐकू नका. न बिघडणारी वस्तू ही कमी दर्जाची वस्तू नसते. मोठी अडचण एकच, ओला बर्फ. केसांमध्ये पाणी शिरून ते गोठलं की केस एकमेकांना चिकटतात आणि बाणाला नको तिथे धक्का बसतो. नोव्हेंबरनंतर जे रानात जात नाहीत त्यांना याची चिंता नाही.

दुसरे दोन प्रकार ड्रॉप-अवे, म्हणजे बाणाखालून निसटून खाली पडणारे. बाण सुटताना पहिला काही भाग रेस्टचा दोन बोटांचा लॉन्चर त्याला आधार देतो आणि मग चटकन खाली जातो, म्हणजे मागची पिसं कशालाही न लागता निघून जातात. हा लॉन्चर वर-खाली कोण करतं, यावर सगळं अवलंबून आहे. केबल म्हणजे स्ट्रिंगशिवाय कॅमना जोडलेल्या धनुष्याच्या दोऱ्या. केबलवर चालणाऱ्या रेस्टची दोरी, धनुष्य ताणताना खालच्या दिशेने सरकणाऱ्या केबलला बांधलेली असते. धनुष्य ताणलं की केबल खाली जाते, दोरी ओढली जाते आणि लॉन्चर वर उठतो. लिम्बवर चालणाऱ्याची दोरी धनुष्याच्या वरच्या किंवा खालच्या पातीला असते आणि तिथे गणित उलटं आहे. धनुष्य ताणलेलं नसताना दोरी ताठ असते, तिने लॉन्चरला खाली ओढून धरलेलं असतं. ताणलं की पाती वाकते, दोरी सैल पडते, आतली स्प्रिंग लॉन्चरला वर उचलते. बाण सोडला की पाती परत सरळ होते आणि तीच लॉन्चरला खाली खेचते.

आता माझ्या कामाचा प्रश्न. यातलं काहीतरी बिघडलं तर?

केबलच्या प्रकारात लॉन्चर वर जातो तो धनुष्याच्या जोरावर, आणि खाली येतो तो स्प्रिंगच्या किंवा स्वतःच्या झटक्याच्या जोरावर. लिम्बच्या प्रकारात वर जातो स्प्रिंगवर, खाली येतो धनुष्याच्या जोरावर. ताकदीचं काम कोणत्या दिशेला आहे, एवढाच फरक. पण बर्फ, वाळू, वाळलेलं तेल, एखादी काडी आत अडकली की कमकुवत बाजू आधी हरते. केबलवाल्यात कमकुवत बाजू म्हणजे खाली पडणं, आणि ते बाण सुटल्यानंतर घडतं. तुम्हाला कळतं तेव्हा बाण गेलेला असतो. लिम्बवाल्यात कमकुवत बाजू म्हणजे वर उठणं, आणि ते तुम्ही पूर्ण ताणावर असताना डोळ्यांसमोर असतं. लॉन्चर वर आला नाही तर बाणाचं टोक खाली झुकलेलं दिसतं, तुम्ही ताण उतरवता, हरीण आपल्या वाटेने जातं. जो बिघाड बाण सोडण्याआधी दिसतो तोच मला परवडतो. माझी निवड खरं तर या एका मुद्द्यावर झाली.

दोरी तुटली तर? लिम्बवाल्याची दोरी तुटली की त्याला खाली ओढणारं काही उरत नाही, स्प्रिंग त्याला वरच ठेवते. म्हणजे तो साधा दोन बोटांचा स्थिर रेस्ट होतो. मी हे मुद्दाम करून बघितलं. दोरी सोडून दिली आणि वीस यार्डांवरून सरावाच्या टोकांचे बाण मारले. बाणांचा गट थोडा पसरला, थोडा एका बाजूला सरकला, पण जेवायच्या कागदी ताटलीच्या आतच राहिला. साध्या केबलवाल्याची दोरी तुटली की लॉन्चर उठतच नाही आणि त्या दिवसापुरती शिकार संपली.

याआधी माझ्याकडे एक केबलवर चालणारा रेस्ट होता, कंपनीचं नाव घेत नाही. त्याची दोरी केबलला एका छोट्या क्लॅम्पने आवळलेली होती. थंडीत तो क्लॅम्प केबलवरून तसूभर सरकला. तेवढं पुरेसं होतं. ओकच्या झाडाखाली एक मादी अठरा यार्डांवर येऊन उभी राहिली, आडवी, पुढचा पाय पुढे टाकलेला, याहून चांगली संधी मिळत नाही. मी धनुष्य ताणलं आणि पीपमधून, म्हणजे स्ट्रिंगमधल्या नेम धरायच्या भोकातून, बघताना जाणवलं की बाण नेहमीच्या जागी नाही. लॉन्चर अर्ध्यावरच थांबला होता. मी ताण उतरवला. तिने मान वर केली, शेपूट फडकवली आणि गेली. केबलवर रेस्ट लावायचाच असेल तर क्लॅम्पवर विसंबू नका. दुकानात बो प्रेसवर, म्हणजे धनुष्य दाबून त्याच्या दोऱ्या सैल करणाऱ्या यंत्रावर, धनुष्य चढवून केबलचे धागे विलग करून दोरी त्यांच्या मधून ओवून घ्या आणि वरखाली सर्व्हिंगच्या दोऱ्याने घट्ट गुंडाळून घ्या. ती जागची हलत नाही.

माझा ट्रिनिटी हंटर लिम्बवर चालणारा आहे. तो बसवताना मला आवडलं ते त्याचं बेअरिंग. लॉन्चर बोटाने आडवा हलवून बघा, बहुतेक स्वस्त रेस्टमध्ये बारीकसा खडखडाट लागतो. यात तो लागत नाही. लॉन्चर रबरात मढवलेला आहे, म्हणून बाण टेकताना धातूचा आवाज येत नाही. उंचीचा आणि आडवा असे दोन्ही स्क्रू वेगळे आहेत आणि खुणा केलेल्या आहेत, त्यामुळे कागदातून बाण मारून, कागद कसा फाटतो त्यावरून बाण सरळ जातो का ते बघत ट्यूनिंग करताना केसभर सरकवून परत मूळ जागी येता येतं. ज्याने एक बोल्ट सैल करून, अंदाजाने ढकलून, परत आवळून ट्यूनिंग केलंय त्याला याची किंमत कळेल. वाटलं तर हाच रेस्ट केबलवरही चालवता येतो, तशी सोय आहे.

आवाजाबद्दल लिहायलाच हवं, कारण हरणाच्या बाबतीत आवाज म्हणजे निकाल. माझं धनुष्य 46 पाउंडांचं आहे (म्हणजे ताणायला तेवढा जोर लागतो) आणि हात लांब नाहीत, त्यामुळे बाण सेकंदाला साधारण 225 फूट जातो. इथला नियम किमान 30 पाउंडांचा आहे, म्हणजे नियमाच्या बराच वर असले तरी मी वेगवान मारणाऱ्यांतली नाही. वीस यार्ड म्हणजे साठ फूट. बाणाला तिथे पोहोचायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो, आवाज मात्र एका सेकंदाच्या अठराव्या-विसाव्या भागात पोहोचतो. मधल्या वेळात सावध हरीण पाय दुमडून खाली बसतं, उडी मारायची तयारी म्हणून, आणि बाण त्याच्या पाठीवरून जातो किंवा त्याहून वाईट जागी लागतो. हे सुटतानाच्या आवाजाचं झालं. ताणताना बाण लॉन्चरवर घासून किंचित जरी कर्रकन वाजला तरी पाऊण मिनिट गोठून उभं राहिलेलं हरीण मी पाहिलं आहे. म्हणून लॉन्चर रबराचा असला तरी मी त्याच्या दोन्ही बोटांवर आणि कड्याच्या आतल्या बाजूला पातळ फेल्टची चिकटपट्टी लावते. ओलसर हवेत रबरावर कार्बनचा बाण सरकताना चिर्र होतो, फेल्टवर होत नाही.

थंडीची चाचणी मी घरीच केली. धनुष्य मागच्या पडवीत टांगलं, रेस्टवर पाण्याचा फवारा मारला आणि रात्रभर गोठू दिलं. सकाळी लॉन्चरच्या मुळाशी बर्फाचा पातळ कवच होता. पहिल्यांदा ताणलं तेव्हा लॉन्चर उठला नाही, आणि वर लिहिलंय तसं ते लगेच दिसलं. अंगठ्याने एकदा उचलून बर्फ तडकवला, पुढच्या वेळी नीट उठला. बाण सोडल्यावर खाली येण्यात एकदाही कसूर झाली नाही. आता डिसेंबरमध्ये मचाणावर बसल्यावर मधूनमधून अंगठ्याने लॉन्चर हलवून घेते, हातमोज्यातूनही जमतं.

लिम्बवर चालणाऱ्या प्रकाराचे तोटेही आहेत आणि ते घेण्याआधी माहीत असावेत. एक तर लांब दोरी. रायझरपासून, म्हणजे धनुष्याच्या मधल्या मुठीच्या भागापासून, पातीपर्यंत ती उघडी असते आणि झुडपांतून चालताना काटक्या तिच्यात अडकतात. दुसरं, बाण लॉन्चरबरोबर वर-खाली होतो. ताण उतरवला की लॉन्चर बाणासकट खाली येतो, थोडी का होईना हालचाल होते. तिसरं, दोरीची लांबी नीट बसवावी लागते. धनुष्य ताणलेलं नसताना लॉन्चर पूर्ण खाली टेकलेला आणि दोरी जेमतेम ताठ, एवढंच हवं. त्याहून आवळली तर रेस्टच्या आतल्या भागांवर आणि गाठीवर विनाकारण ताण येतो, सैल ठेवली तर लॉन्चर उशिरा पडतो आणि पिसं घासतात.

यातला दुसरा तोटा ज्यांना खुपतो त्यांनी क्यूएडी कंपनीचा अल्ट्रारेस्ट बघावा. तो केबलवर चालतो, पण लॉन्चर अंगठ्याने आधीच वर चढवून ठेवता येतो आणि बाण वरच्या जागीच कड्यात बंद राहतो. धनुष्य ताणून हळूच उतरवलं तरी लॉन्चर पडत नाही, बाण वेगाने सुटला तरच पडतो. हरीण झाडाआड गेलं, परत आलं, तुम्ही दोनदा ताणलं आणि उतरवलं, तरी बाण जागचा हलत नाही. मी ज्यांच्याबरोबर रानात जाते त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे हाच आहे आणि त्यांचं समाधान आहे. मला फक्त पडण्याचं काम पातीने केलेलं हवं, म्हणून मी दुसरीकडे गेले.

कुठलाही रेस्ट घेतलात तरी पिसं घासतात का हे तपासल्याशिवाय हंगामात जाऊ नका. औषधांच्या दुकानात पायाला मारायची पावडर फवाऱ्याच्या डब्यात मिळते. बाणाच्या मागच्या भागावर आणि पिसांवर तिचा पांढरा थर द्या, लॉन्चरवर आणि कड्यावरही द्या, एक बाण मारा आणि बघा. पावडर जिथे खरवडली गेली तिथे स्पर्श झाला. ड्रॉप-अवे नीट बसवला असेल तर पिसांवर एकही ओरखडा दिसत नाही. त्यानंतर शिकारीचं धारदार टोक आणि सरावाचं टोक, दोन्ही एकाच ठिकाणी लागतात का बघा. धारदार पात्यांना वारा धरतो, त्यामुळे रेस्टची जरासुद्धा चूक तिथे उघडी पडते. सुरुवातीची जागा म्हणून बाणाचा मध्य रायझरपासून 13/16 इंच आणि उंचीला रेस्टच्या बोल्टच्या भोकासमोर ठेवा, तिथून पुढे कागद सांगेल तसं.

विकत घेण्याआधी आपलं धनुष्य बघून जा. जुन्या धनुष्यांवर रेस्ट एका बोल्टने रायझरच्या बाजूला बसतो आणि बोल्ट नीट आवळला नाही तर गोल फिरू शकतो. मॅथ्यूज, हॉइट यांच्या गेल्या काही वर्षांतल्या धनुष्यांवर रायझरच्या पाठीमागे डव्हटेलची, म्हणजे आत रुंद होत जाणारी, खाच असते, त्यात बसणारा रेस्ट फिरूच शकत नाही. तुमच्या धनुष्यावर ती खाच असेल तर त्याच बैठकीचा रेस्ट मागा, नावामागे वेगळा शब्द असतो आणि दोन्हींची अदलाबदल होत नाही. डावखुऱ्यांनी डाव्या हाताचाच मागायचा, हेही दुकानात पुन्हा एकदा बोलून घ्या.

शक्यतो ऑनलाइन घेऊ नका. आमच्याकडच्या छोट्या गावातल्या धनुष्याच्या दुकानात किंमत थोडी जास्त असते, पण तिथे रेस्ट बसवून, दोरी बांधून, कागदातून चार बाण मारून मगच हातात देतात. दोरीच्या टोकाची गाठ आणि ती जाळून केलेला गोळा कसा असावा हे तिथे उभं राहून बघा, कारण ती दोरी दर उन्हाळ्यात तुम्हालाच बदलायची आहे. धागा फुलल्यासारखा दिसला की बदलाच, तुटायची वाट बघू नका. नवी दोरी तीन-चार डॉलरची येते. मी एक तुकडा, एक लायटर आणि रेस्टच्या स्क्रूंना बसणारी एलन की अशी तीन वस्तूंची पुडी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवते, म्हणजे मचाणावर बसल्या जागी दोरी बदलता येते.